बस आली, पण कितीची?

मार्च-एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजचं प्रोजेक्ट प्रदर्शन पाहायला जा, एखाद्या टेबलावर ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’ हमखास सापडेल. प्लास्टिकचा पाइप, त्यावर चिकटपट्टीनं बसवलेला आर्डुइनो, दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक बझर. समोर हात धरला की बझर किंचाळतो. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावतात, चार मुलांना चांगले गुण मिळतात आणि काठी विभागाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षी दुसरी चार मुलं तीच काठी नव्यानं बनवतात.

हीच काठी 2005 मध्ये दिल्लीच्या आयआयटीतही पदवीच्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून सुरू झाली. मार्गदर्शक होते संगणकशास्त्राचे प्रा. एम. बालकृष्णन, आणि विद्यार्थ्यांमध्ये रोहन पॉल हे नाव पुढं टिकून राहिलं. ती काठी मात्र कपाटात गेली नाही. 2014 मध्ये ‘स्मार्टकेन’ या नावानं ती लोकांच्या हातात आली, किंमत तीन हजार रुपयांच्या आसपास. त्याच गटाच्या कामातून ‘ऑनबोर्ड’ निघालं. थांब्यावर उभ्या असलेल्या दृष्टिहीन प्रवाशाला कोणती बस आली ते सांगणारं आणि तिच्या दारापर्यंत नेणारं हे यंत्र. सर्किट जोडायला विद्यार्थ्याला एक सत्र पुरतं. मग मधली नऊ वर्षं कशात गेली? वाहतुकीतलं एखादं सुगम्य साधन घडवून ते कुणाला तरी पटवून देण्याच्या बेतात असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हा प्रश्न आधी सोडवून पाहावा.

सुरुवात काठीपासून करू. पांढरी काठी मुळातच फार चांगलं साधन आहे. खड्डा, पायरी, फुटपाथची कड, सांडलेली खडी हे सगळं ती टोकाच्या स्पर्शातून आणि आवाजातून सांगते. तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं. अर्धवट ओढलेलं दुकानाचं शटर, खाली झुकलेली फांदी, उभ्या ट्रकचा उघडा फाळका, खिडकीतून बाहेर आलेला एसी. अशा ठिकाणी काठी खालून निघून जाते आणि कपाळ आपटतं. दिल्लीच्या मुलांनी सोडवायला घेतला तो एवढाच तुकडा. लोकांच्या सवयीची काठी त्यांनी तशीच ठेवली आणि तिच्या मुठीवर बसेल असं एक यंत्र केलं.

अशा यंत्रातला सेन्सर माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो. आपल्या कानांची मर्यादा 20 किलोहर्ट्‌झ, हे सेन्सर साधारण 40 किलोहर्ट्‌झवर चालतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 3 मीटरवरच्या अडथळ्याला आपटून प्रतिध्वनी परत यायला 17-18 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यावरून अंतर काढायचं. इथवरचं सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट अशी की घरात, ऑफिसात किंवा गर्दीत 3 मीटरवर कायमच काहीतरी असतं. यंत्र सतत कुरकुरत राहिलं तर माणूस ते बंद करून टाकतो. म्हणून स्मार्टकेनला दोन पल्ले दिले गेले, बाहेरसाठी 3 मीटर आणि आतल्या जागांसाठी 1.8 मीटर.

आणि तो बझर. प्रदर्शनातल्या काठीचा सगळा रुबाब त्या बझरमध्ये असतो, आणि नेमकी तीच तिची सर्वांत मोठी चूक आहे. दृष्टिहीन माणूस रस्ता कानांनी ओळखतो. मागून येणारी रिक्षा, उजवीकडचा बोळ जिथं आवाज अचानक मोकळा होतो, सिग्नल सुटल्यावर निघालेली वाहनं, सगळं कानांवर. त्या कानांत बझर वाजवणं म्हणजे मदतीच्या नावाखाली अडथळा आणणं. स्मार्टकेन मुठीत थरथरते, आणि अडथळा जितका जवळ तितकी थरथरण्याची तऱ्हा बदलते. काठी धरण्याच्या लोकांच्या पद्धतीही वेगवेगळ्या असतात. त्या सगळ्यांना यंत्र नीट बसावं म्हणून त्याच्या आकारावर बरीच मेहनत झाली. हे सगळं समजलं ते दृष्टिहीन माणसांबरोबर काम केल्यामुळं. दिल्लीची सक्षम ही संस्था या प्रकल्पात भागीदार होती.

यावर अनेक मुलं सांगतात की आम्हीही अनुभव घेतला, डोळ्यांवर पट्टी बांधून कॉलेजच्या आवारात फिरलो. माझं मत स्पष्ट आहे: पट्टी बांधून फारसं काही कळत नाही. अचानक डोळे झाकलेल्या माणसाला जाणवते ती भीती. वर्षानुवर्षं काठी वापरून लोकलनं रोज कामाला जाणाऱ्या माणसाचं कौशल्य त्या अर्ध्या तासात जाणवत नाही. त्या भीतीतून निघालेलं उत्पादन मग घाबरलेल्या माणसासाठी बनतं, आणि असा माणूस बाजारात नसतो. अमेरिकेतल्या लिझ जॅक्सन या दिव्यांग कार्यकर्तीनं 2019 मध्ये अशा वस्तूंना ‘डिसॅबिलिटी डोंगल’ म्हणायला सुरुवात केली. दिसायला सुबक, हेतू उदात्त, पण दिव्यांगांना कधी पडलेलाच नव्हता अशा प्रश्नाचं उत्तर. जिने चढणाऱ्या व्हीलचेअरचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी कौतुकानं पुढं पाठवलेले आहेत. इमारतीला उतार का केला नाही, हे त्यातल्या कुणी विचारलं नाही.

आता बस. दादर किंवा स्वारगेटसारखा गर्दीचा थांबा घ्या. एकामागून एक तीन गाड्या येतात. ज्याला दिसतं तो पाटी वाचतो आणि धावतो. ज्याला दिसत नाही तो शेजारच्याला विचारतो, “कितीची आली हो?” उत्तर येईपर्यंत बस निघालेली असते, किंवा शेजारचाच त्या बसमध्ये चढून गेलेला असतो. एसटी स्टँडवर निदान नियंत्रण कक्षातून घोषणा होते, अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. शहरातल्या थांब्यावर तेवढंही नसतं. एसटीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. तिकिटाची सोय झाली, पण गाडी ओळखण्याचं काम अजून शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चालतं.

हा प्रश्न सांगितला की विद्यार्थ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ॲप. बसमध्ये जीपीएस आहे, फोनमध्ये जीपीएस आहे, दोन्ही जोडले की झालं. जरा हिशेब करून पाहा. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचा जीपीएस सुमारे 5 मीटरपर्यंत अचूक असतो, आणि उंच इमारतींच्या मध्ये त्याहून वाईट. शहरी बस साधारण 12 मीटर लांब असते. तीन बस एकीमागे एक लागल्या तर थांबा 36 मीटरांहून जास्त पसरला. पाच मीटरची चूक म्हणजे दार आणि मागचं चाक यांतला फरक. ॲप माणसाला “बस आली आहे” इथवर आणून सोडतं. खरी अडचण त्यानंतरच्या काही सेकंदांत आहे. तीनांपैकी आपली कुठली, आणि तिचं दार कुठल्या दिशेला? शिवाय एका हातात काठी, खांद्याला पिशवी, आणि दुसरा हात दांडा पकडायला मोकळा हवा. अशा वेळी फोनवर बोट फिरवत बसायचं कधी?

ऑनबोर्डमध्ये दोन भाग आहेत, एक प्रवाशाच्या हातात आणि एक बसवर. बसचा आवाज आला की प्रवासी बटण दाबतो. त्याच्या हातातल्या यंत्रातून रेडिओ संदेश जातो आणि जवळपासच्या ज्या बसवर हे यंत्र आहे त्या आपापला मार्ग क्रमांक परत पाठवतात. यंत्र ते क्रमांक एकेक करून बोलून दाखवतं. हवा तो क्रमांक ऐकू आला की प्रवासी दुसरं बटण दाबतो. आता फक्त त्या एका बसवरचा स्पीकर आपला क्रमांक मोठ्यानं पुकारतो आणि प्रवासी आवाजाच्या रोखानं चालत दाराशी पोहोचतो.

यातला शेवटचा टप्पा मला सर्वांत हुशारीचा वाटतो, कारण दिशा दाखवायचं काम त्यांनी माणसाच्या कानांवरच सोपवलं. आवाज एका बाजूनं आला तर एका कानाला तो दुसऱ्या कानापेक्षा किंचित आधी पोहोचतो. हा फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. त्यातही एकसुरी शिट्टीपेक्षा बोलण्याचा आवाज शोधायला सोपा, कारण त्यात अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात आणि मेंदूला जास्त खुणा मिळतात. म्हणजे बसनं नुसतं ‘बीप’ करण्यापेक्षा आपला नंबर बोलणं दोन्ही अर्थांनी योग्य. या रचनेला इंटरनेट लागत नाही, चालकाला चालू गाडीत काही करावं लागत नाही, आणि प्रवाशानं मागितल्याशिवाय स्पीकर बोलत नाही. रस्त्यावर दिवसभर ओरडत फिरणाऱ्या बस कुठल्याच शहरानं सहन केल्या नसत्या. दिल्लीतल्या बसवर याच्या चाचण्या झाल्या आणि पुढं मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवरही.

चाचणी म्हणजे आपली वस्तू चालते हे सिद्ध करण्याचा कार्यक्रम, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत एमोस विंटर या विद्यार्थ्यानं केलेल्या व्हीलचेअरची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. 2005 मध्ये तो टांझानियात गेला आणि खडकाळ वाटांवर नेहमीची व्हीलचेअर निरुपयोगी ठरते हे त्यानं पाहिलं. त्यातून ‘लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर’ घडली. चाकाची कड हातांनी ढकलण्याऐवजी दोन लांब दांडे पुढं ढकलायचे, आणि सायकलच्या साखळीनं चाक फिरवायचं. दांडा वरच्या टोकाला धरला की तरफेचा नियम लागू होतो, जोर वाढतो आणि चिखल-चढ पार होतो. खाली, खिळीजवळ धरला की जोर कमी पण वेग जास्त. म्हणजे गिअर बदलण्याचं काम हात वर-खाली सरकवून होतं, वेगळी यंत्रणाच नको. सुटे भाग सायकलचे, म्हणजे गावातल्या सायकलच्या दुकानात दुरुस्ती. दांडे काढून ठेवले की घरात ती साधी व्हीलचेअर.

कागदावर हे इतकं सुरेख आहे की कुणीही इथंच थांबला असता. पूर्व आफ्रिकेतल्या चाचणीत वापरणाऱ्यांनी सांगितलं की बाहेर छान चालते, पण फार जड आहे, फार रुंद आहे आणि घरात फिरवता येत नाही. आता व्हीलचेअरवरच्या माणसाचा दिवस घरातच सुरू होतो आणि घरातच संपतो. दारातून न जाणारी खुर्ची कितीही डोंगर चढू दे, तिचा काय उपयोग? विंटरच्या गटानं वजन आणि रुंदी उतरवली, ग्वाटेमालात पुन्हा चाचणी घेतली, आणि त्यानंतर भारतात जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर आणखी एकदा. पुढं या कामातून ‘ग्रिट’ ही कंपनी निघाली. तक्रारी गोळा करायला तीन खंड पालथे घालणारी ही मंडळी होती. आपल्याकडं एकाच दिवशी प्रात्यक्षिक, फोटो आणि अहवाल उरकला जातो.

आता सादरीकरणाकडं, कारण चांगल्या वस्तू इथंच अडकतात.

विद्यार्थ्यांच्या पिचमध्ये एक स्लाइड ठरलेली असते. 2011 च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेले सुमारे 50 लाख लोक, प्रत्येकी 3,000 रुपये, म्हणून बाजारपेठ 1,500 कोटींची. गुणाकार बरोबर आहे, पण बाकी काहीच बरोबर नाही. त्या 50 लाखांत थोडंफार दिसणारेही आले, बस कधी जातच नाही अशा वाडीत राहणारे आले, आणि तीन हजार रुपये एकदम काढू न शकणारे तर बहुसंख्य असणार. आपल्या देशात अशी साधनं पुष्कळदा वापरणारा विकत घेत नाही. ती केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून येतात, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून येतात, संस्था वाटतात. त्यामुळं वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि बनवणारा तिसरा. या तिघांना पटवायचं तर एकच पीपीटी चालत नाही.

बनवणाऱ्याचे प्रश्न रोकडे असतात. हातानं केलेलं खोकं एक असतं तेव्हा देखणं दिसतं. हजार करायची तर साचा लागतो, आणि साच्यासाठी लाखो रुपये आधी ओतावे लागतात. वस्तू हातातून पडणार, पावसात भिजणार, गर्दीत चेपणार, आणि चार्जर हरवल्यावर गावात मिळायला हवा. स्मार्टकेनच्या बाबतीत चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स या कंपनीनं उत्पादनाची बाजू घेतली आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनं पैशांची. नऊ वर्षांतला मोठा भाग या कामाचा आहे. त्यात कुठलाही नवा शोध नाही, आणि म्हणूनच कॉलेजात त्याला गुण नाहीत.

बसच्या यंत्राचं दुखणं आणखी वेगळं आहे. काठी एका माणसानं घेतली तरी त्याला लगेच उपयोगी पडते. बसचं यंत्र प्रवाशानं घेतलं आणि बसवर नसलं तर शून्य उपयोग. दहातल्या दोन बसवर असलं तर उपयोगापेक्षा फसगत जास्त, कारण यंत्र गप्प राहिलं म्हणजे बस आली नाही असं प्रवासी समजणार. इथं गिऱ्हाईक म्हणजे परिवहन उपक्रम, आणि त्यांच्या वाहतूक विभागातल्या अधिकाऱ्याला ‘समावेशक समाज’ या शब्दांपेक्षा काही साध्या गोष्टींची काळजी असते. थांब्यावर गाडी किती जास्त वेळ उभी राहील? आज या मार्गावर असलेली गाडी उद्या आगारातून दुसऱ्या मार्गावर सोडली तर यंत्रातला नंबर कोण बदलणार, चालक, वाहक की पुढच्या एलईडी पाटीबरोबर तो आपोआप बदलेल? यंत्र बिघडलं तर गाडी रस्त्यावर काढायची की नाही? रात्री गाडी धुताना पाणी गेलं तर? या प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडं आहेत त्याचं सादरीकरण पाच मिनिटांत होतं. ज्याच्याकडं नाहीत त्याला हस्तांदोलन आणि चहा मिळतो.

म्हणून मागणी लहान ठेवावी. सगळं शहर मागू नये. एक आगार, एक मार्ग आणि त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या. शेजारी दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं वसतिगृह किंवा प्रशिक्षण केंद्र असेल असा मार्ग निवडला तर वापरणारेही मिळतात आणि आकडेही. सादरीकरण करताना वापरणारी व्यक्ती सोबत असावी, आणि तिनं फोटोपुरतं उभं न राहता प्रश्नांना उत्तरं द्यावीत. शक्य असेल तर ती गटाची सभासदच असावी.

मागून येऊन पुढं गेलेलं एक उदाहरण मद्रास आयआयटीचं आहे. पाय चालत नसलेल्यांसाठी आपल्याकडं बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर वर्षानुवर्षं चालते, पण तिच्यावर बसलं की व्हीलचेअर घरी राहते आणि पोहोचल्यावर माणूस पुन्हा दुसऱ्याच्या खांद्यावर. प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रात तयार झालेल्या आणि त्यांचे विद्यार्थी स्वस्तिक सौरव दाश यांच्या ‘निओमोशन’ कंपनीनं बाजारात आणलेल्या ‘निओबोल्ट’चा पुढचा मोटरवाला भाग व्हीलचेअरलाच अडकवता येतो. 2021 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि एका चार्जमध्ये सुमारे 30 किलोमीटर असे आकडे दिले होते. पुढं झोमॅटोचे काही डिलिव्हरी पार्टनर याच गाडीवरून जेवण पोहोचवू लागले. ‘दिव्यांगांना मदत करा’ असं सांगण्यापेक्षा ‘हा माणूस यावरून रोजगार करतो’ हे गुंतवणूकदाराला लवकर समजतं. मला ते थोडं खटकतं, पण ते खरं आहे.

कायद्याचा उल्लेख मुलं भाषणाच्या सुरुवातीला करतात. तो शेवटी, निविदेच्या भाषेत करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्याचं कलम 41 वाहतुकीच्या सुगम्यतेबद्दल बोलतं. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीदाखल ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखायला केंद्राला तीन महिने दिले. याचा व्यवहारातला अर्थ असा की बसखरेदीच्या निविदेत सुगम्यतेच्या अटी घालायला आज भक्कम आधार आहे. नवी बस कारखान्यातून येतानाच यंत्रासाठी वीजजोडणी आणि स्पीकरची जागा घेऊन आली तर खर्च किरकोळ. धावत्या ताफ्यात नंतर ठोकाठोक करायची तर तो कित्येक पटींनी वाढतो, आणि मग निधी नाही हे उत्तर तयारच असतं.

यंदा ज्यांना अंतिम वर्षाचा विषय नोंदवायचा आहे त्यांना एक विनंती. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तुमच्या शहरातल्या अंधशाळेत किंवा दृष्टिहीनांच्या संघटनेत जा आणि बसनं रोज प्रवास करणाऱ्या एखाद्या व्यक्तीची हरकत नसेल तर तिच्यासोबत तिच्या नेहमीच्या थांब्यावर उभे राहा. त्याच आठवड्यात जवळच्या आगारातल्या फोरमनला भेटून, गाडीवर नवी वस्तू बसवायची तर सगळ्यात आधी काय बिघडेल ते विचारा. आर्डुइनो त्यानंतर विकत घेतला तरी चालेल.